पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांची जुनी छायाचित्रं कशी वाचावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

1880 ते 1914 या काळात आजच्या केनिया आणि टांझानियात मसाई, सांबुरू, नांदी, तुर्काना अशा गुरं राखणाऱ्या लोकांची हजारो छायाचित्रं घेतली गेली. ती आज ऑक्सफर्ड, लंडन, बर्लिन, नैरोबी इथल्या संग्रहांत आहेत, लिलावांत फिरतात, आणि झांझिबार-मोंबासाला नोकरीला गेलेल्या गोव्याच्या घराण्यांच्या ट्रंकांतही सापडतात. ती पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. आमचा आग्रह एकच आहे: आधी चित्रातली वस्तू पाहा, मग चित्र ज्यावर उमटलं ती काच किंवा कागद पाहा. चित्राखालची ओळ सर्वांत शेवटी वाचा.

सगळ्यात जुनी छायाचित्रं 1880 च्या आसपासचीच का? त्याआधी कॅमेरा नव्हता का?

कॅमेरा होता, पण तो चालवणं अवघड होतं. 1851 पासून चालत आलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियन हा चिकट द्रव ओतून, चांदीच्या क्षारात बुडवून, काच ओली असतानाच चित्र घ्यावं लागे आणि दहा-पंधरा मिनिटांत ते धुवावं लागे. म्हणजे काळोखी खोली, रसायनं, स्वच्छ पाणी हे सगळं बरोबर हवं. बंदरात ते जमे, किनाऱ्यापासून चारशे किलोमीटर आत नाही. 1871 मध्ये मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची रीत मांडली आणि 1880 च्या सुमारास अशा काचा कारखान्यातून तयार मिळू लागल्या. मग काच महिनोन्महिने पेटीत ठेवून हवी तेव्हा वापरता येऊ लागली. स्कॉटिश प्रवासी जोसेफ थॉमसन 1883-84 साली मसाई मुलखातून गेले ते याच सोयीच्या सुरुवातीला. पुढे जर्मन अमलातले लष्करी अधिकारी मॉरिट्झ मेर्कर यांनी 1904 मध्ये आणि ब्रिटिश अमलातले अधिकारी ए. सी. हॉलिस यांनी 1905 मध्ये मसाईंवर छायाचित्रांसह मोठे ग्रंथ काढले. मधल्या काळात 1896 साली मोंबासाहून रेल्वेचं काम सुरू झालं. 1899 मध्ये रूळ नैरोबीला आणि 1901 मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला पोचले, आणि मग छायाचित्रकारांची रीघ लागली.

एक गोष्ट इथे विसरू नये. 1890 च्या आसपास बुळकांड्या रोगाने मसाईंची बहुतेक गुरं मेली, पाठोपाठ देवीची साथ आणि दुष्काळ आला. पहिल्या मोठ्या छायाचित्रसंग्रहातली माणसं ही त्या संकटातून नुकतीच वाचलेली माणसं आहेत. कित्येक कुटुंबं तेव्हा शेती करणाऱ्या शेजाऱ्यांच्या आसऱ्याला होती. 'त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या न बदललेलं जीवन' असं ज्या चित्राखाली लिहिलेलं असतं, त्यातला माणूस कदाचित दहा वर्षांपूर्वी सगळं गमावून बसलेला असतो.

या चित्रांत माणसं, कपडे, दागिने सगळंच इतकं काळं का दिसतं?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. त्या काळातली साधी काच फक्त निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देई. लाल तिला दिसतच नसे आणि पिवळा-हिरवा फार कमी दिसे. म्हणून छापलेल्या चित्रात लाल रंग काळा येतो, पिवळा गडद येतो आणि निळा जवळजवळ पांढरा.

आता मसाईंचे रंग आठवा. अंगाला आणि केसांना चरबीत कालवलेला गेरू. ढालीवर तांबडा, पांढरा, काळा, राखाडी. गेरू फासलेली कातडी झूल चित्रात डांबरासारखी दिसते. तांबडे मणी आणि काळे मणी एकमेकांत मिसळून जातात, निळे मणी पांढऱ्यात मिसळतात. पाच रंगांची गळपट्टी दोनच रंगांची भासते. आणि गेरू लावलेली त्वचा असते त्याहून कितीतरी गडद येते. वर्णाबद्दल त्या काळात जे काही लिहिलं गेलं, त्यामागे काचेचा हा आंधळेपणाही होता.

1873 मध्ये फोगेल यांनी काचेला रंग पाजून हिरवा-पिवळा पकडण्याची युक्ती शोधली, आणि 1906 पासून लालसकट सगळे रंग पकडणाऱ्या काचा बाजारात आल्या. पण पूर्व आफ्रिकेत साध्या काचा पुढेही बरीच वर्षं वापरात राहिल्या. पडताळणी अशी करा: आभाळ पूर्ण पांढरं, ढग गायब आणि गेरू काळा असेल तर काच साधी. आभाळाला छटा आहे आणि गेरू मध्यम राखाडी आहे, तर काच नंतरची, आणि बहुधा भिंगावर पिवळी काचही चढवलेली. नोंदीत 'काळी झूल' असं लिहू नका. 'गडद आलेली झूल, मूळ रंग बहुधा गेरूचा' असं लिहा.

याच कारणाने संगणकावर आपोआप रंग भरलेली चित्रं आम्ही पुरावा म्हणून धरत नाही. यंत्र काळ्याला काळाच समजतं.

एका मोहिमेत किती काचा नेत? त्यांचं काय बिघडे?

अर्ध्या काचेचा आकार 4¾ × 6½ इंच. जाडी पावणेदोन ते दोन मिलिमीटर धरली तर डझनाचं वजन किलोभर होतं. पूर्ण काच, म्हणजे 6½ × 8½ इंच, घेतली तर डझनाला दोन किलो. हमालाच्या डोक्यावरचं ओझं साधारण 30 किलोचं असे. पेटी, वेष्टनं, जस्ताचं अस्तर वजा केलं तर एका हमालामागे अर्ध्या काचा फार तर दीडशे-दोनशे जात. म्हणूनच छायाचित्रकार हात राखून चित्र घेई आणि माणसांना उभं करून घेई. ही चित्रं अवघडलेली दिसतात त्याचं एक कारण असं साधं हिशेबाचं आहे.

बिघाडाचं म्हणाल तर पाणी आणि उष्णता. धुण्याचं पाणी 24-25 अंशांच्या वर गेलं की जिलेटिन मऊ पडतं, काठाला झालरीसारखं सुटतं आणि कधी पूर्ण थर सरकतो. त्यावर उपाय तुरटीच्या पाण्यात बुडवण्याचा. रिफ्ट दरीतल्या अनेक सरोवरांचं पाणी सोड्याचं असतं आणि सोडा जिलेटिन आणखी फुगवतो. म्हणून पुष्कळ जण काचा न धुताच युरोपला पाठवत. मग महिनोन्महिन्यांच्या दमट प्रवासात न धुतलेलं चित्र फिकं होई. पाणी कमी म्हणून हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, नीट धुतला गेला नाही, तर ते चित्र वीस-तीस वर्षांनी पिवळं पडून उडतं.

ठिपके वाचायलाही शिका. चित्र घेताना काचेवर धूळ असेल तर छापील चित्रात काळा ठिपका येतो, आणि छापताना निगेटिव्हवर धूळ असेल तर पांढरा. एकाच काचेच्या दोन छापील प्रतींत काळे ठिपके त्याच जागी असतील, पांढरे बदलतील. दोन प्रती एकाच काचेच्या आहेत की नाही, हे ठरवायला याहून सोपी खूण नाही.

बाईच्या पाठीला किंवा दाराशी टांगलेला लांबट डबा कसला?

तो दुधाचा तुंबा. मसाई भाषेत एमाला. लांब भोपळा वाळवून, पोखरून, त्याला कातडी टोपण आणि कातडी पट्टा लावतात; पट्ट्यावर कवड्या किंवा मणी. तोंड चित्रात नेहमी गडद दिसतं. तो मळ नव्हे आणि काचेचा दोषही नव्हे. रानऑलिव्हच्या काठीचं पेटतं टोक तुंब्यात घालून आतून घासतात. त्यामुळे तुंबा निर्जंतुक होतो, दूध टिकतं आणि दुधाला धुराची चव येते. राख-कोळसा झाडून काढायला गाईच्या शेपटीच्या केसांचा कुंचला असतो. लांब काठी आणि टोकाला झुपका असा हा कुंचला नोंदवह्यांत हमखास 'माशा वारण्याची चवरी' म्हणून पडलेला दिसतो. फरक झुपक्यात आहे: चवरीचा झुपका लांब आणि सैल असतो, तुंब्याच्या कुंचल्याचा आखूड, ताठ आणि काजळलेला. शेजारी तुंबा दिसत असेल तर शंकाच नको.

पट्ट्याची गाठ आणि टोपणाची शिवण मोठी करून पाहा. तडा गेलेला तुंबा बायका कातडी दोऱ्याने शिवून घेत. असा शिवलेला तुंबा चित्रात दिसला तर ती रोजच्या वापरातली वस्तू, चित्रासाठी हातात दिलेली नव्हे, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

छोटं धनुष्य आणि गाईची मान: ही शिकार आहे का?

नाही. गाईचं रक्त काढण्याची ही रीत आहे आणि गाय मरत नाही. मानेभोवती कातडी दोरी आवळून शीर फुगवतात. मग हातभर अंतरावरून असा बाण मारतात की ज्याच्या पात्यामागे लाकडी गुटका किंवा गुंडाळी असते. पातं सेंटिमीटरभर आत जातं आणि गुटका पुढे जाऊ देत नाही. रक्त तुंब्यात धरतात आणि दोरी सैल केली की धार थांबते. रक्त काठीने घुसळून, गुठळी वेगळी काढून दुधात मिसळतात.

चित्रात तीन जण तरी शोधा: डोकं धरणारा, धनुष्य घेऊन वाकलेला आणि तुंबा घेऊन थांबलेला. गाईचं तोंड हललेलं आणि माणसं स्पष्ट, तर प्रसंग बहुधा खरा. तिघंही कॅमेऱ्याकडे पाहत असतील तर थांबवून घेतलेलं चित्र आहे. त्याने नोंद खोटी ठरत नाही, पण ते लिहून ठेवायला हवं. संग्रहातल्या वस्तूंमध्ये हा बाण अनेकदा 'मुलांचं खेळणं' म्हणून नोंदलेला असतो. पात्यामागचा गुटका पाहिला की चूक लगेच कळते.

भाल्यावरून, ढालीवरून काळ ठरवता येतो का?

अंदाज येतो, तोही एका बाजूने: 'याच्या आधीचं नसावं' इतपत. मसाई भाल्याचे तीन भाग: पातं, मधला लाकडी दांडा आणि मागची लांब लोखंडी शेंबी. 1880 च्या दशकातलं पातं रुंद होतं. पुढच्या काळात ते अधिक लांब आणि निमुळतं होत गेलं. पण जुना भाला बापाकडून मुलाकडे जातो, तेव्हा रुंद पातं म्हणजे चित्रही जुनं असं म्हणता येत नाही. भाले घडवणारे लोहार, इल्कुनोनो, हा मसाईंतला वेगळा गट.

ढाल रेड्याच्या, म्हणजे रानम्हशीच्या कातड्याची. तिच्यावरची चिन्हं, ज्यांना सिराता म्हणतात, शोभेसाठी नसतात. योद्धा कोणत्या वयोगटाचा आणि कोणत्या विभागाचा हे त्यावरून कळे. म्हणून ढालीचं वर्णन 'नक्षीदार' या एका शब्दात उरकू नका. मधली उभी पट्टी, तिच्या दोन बाजू, कडेच्या आकृत्या, गडद-फिकट भाग हे सगळं रेखाटून ठेवा. तांबडा-काळा भेद साध्या काचेवर कळणार नाही, हे आधीच सांगितलं आहे. तसं स्पष्ट नमूद करा म्हणजे पुढच्या वाचकाची फसगत होणार नाही.

पक्ष्यांची टोपी घातलेली 'मुलगी' कोण?

बहुतेक वेळा तो मुलगा असतो. सुंता झाल्यावर बरे होईपर्यंत मुलगे गडद झूल घालतात, बोथट बाणांनी लहान पक्षी मारून, पेंढा भरून त्यांची माळ डोक्याला बांधतात, आणि कानांत सुरुतिया घालतात. सुरुतिया हे पितळी तारेचे चक्राकार वेढे, विवाहित बायकांचा दागिना. युरोपी छायाचित्रकाराने कान पाहिले आणि 'मसाई तरुणी' असं लिहून टाकलं. असे मथळे शेकड्याने आहेत. ओळखायला दागिना, झूल आणि पक्षी तिन्ही एकत्र पाहावे लागतात.

हातापायांचे तारेचे वेढे, मणी आणि कापड यांवरून काय कळतं?

व्यापार कळतो. लोखंड, पितळ, तांबं यांच्या तारेची वेटोळी काफिल्यांबरोबर चलनासारखी आत जात. मनगट ते कोपर, घोटा ते गुडघा असे घट्ट वेढे बायका घालत. काचेचे मणी व्हेनिस आणि बोहेमियातून येत आणि विसावं शतक उजाडल्यावर त्यांचं प्रमाण वाढत गेलं. कातडी वेश, भरपूर तार आणि थोडे मणी असतील तर चित्र जुन्या काळाकडे झुकतं. कापडात दोन नावं नेहमी भेटतील: अमेरिकानी, म्हणजे ब्लीच न केलेलं जाड सुती कापड, आणि कानिकी, म्हणजे हिंदुस्थानातून गेलेलं गडद निळं सुती कापड. कानिकी डोळ्याला काळसर दिसे, पण साध्या काचेवर अपेक्षेपेक्षा फिकी येते.

खाली 'मसाई' लिहिलं आहे. मानावं का?

तपासल्याशिवाय नाही. मसाई योद्ध्याचा वेश आणि भाला-ढाल शेजारच्या किकुयूंनीही उचलली होती, आणि पोस्टकार्ड 'मसाई' नावाने अधिक खपे. जागाही तपासा. 1904 च्या कराराने मसाईंना नैवाशा-नाकुरूच्या दरीतून हलवलं, आणि 1911 ते 1913 मध्ये लाइकिपियातूनही दक्षिणेला नेलं. 1913 नंतरच्या तारखेखाली 'लाइकिपियातलं मसाई खेडं' असं असेल, तर एक तर तारीख चूक किंवा जागा, नाही तर माणसं सांबुरू. तुर्काना ओळखायला पुरुषाच्या डोक्यावरचा मातीने लिंपलेला केसांचा साज आणि हातातलं छोटं लाकडी आसन पाहा. तेच झोपताना मानेखाली घेतात, म्हणजे साज मोडत नाही. मनगटावर कड्यासारखा सुरा असेल तर ओळखीला आणखी बळ मिळतं.

चित्र उलटं छापलं आहे का, हे कसं ओळखू?

काच उलट बाजूने ठेवली की डावं-उजवं बदलतं. जादूच्या दिव्याच्या, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या जुन्या यंत्राच्या, काचांत हे फार होतं. दहा योद्धे एका रांगेत असतील आणि दहाही जणांनी ढाल उजव्या हातात धरली असेल, तर चित्र उलटं. एकट्या माणसावरून निष्कर्ष काढू नका, डावखुरे असतातच.

झांझिबारच्या गोमिश, कुतिन्हो या नावांचा शिक्का मागे आहे. हे कोण?

गोव्याचे छायाचित्रकार. ए. सी. गोमिश आणि कुतिन्हो बंधू यांचे स्टुडिओ झांझिबारमध्ये होते, आणि पूर्व आफ्रिकेची जी चित्रं जगभर पोस्टकार्डांवरून फिरली त्यांत त्यांच्या चित्रांचा वाटा मोठा आहे. गोवा-कोकणच्या वाचकांनी घरातले जुने अल्बम टाकण्याआधी मागची बाजू जरूर पाहावी. एक सावधगिरी मात्र हवी: स्टुडिओतला रंगवलेला पडदा आणि तोच भाला वेगवेगळ्या 'जमातींच्या' हातांत दिसला, तर ती वस्तू स्टुडिओची आहे.

कागदावरून वर्ष कसं काढायचं?

दहापट भिंग घ्या. कागद पातळ, तंतू दिसतात, उजळ भाग पिवळट, कडक पुठ्ठ्यावर चिकटवलेला: हा अंड्याच्या पांढऱ्याचा, अल्ब्युमिन कागद, साधारण 1895 पर्यंतचा. तंतू दिसत नाहीत आणि रंग जांभळट तपकिरी: त्यानंतरचा जिलेटिन किंवा कलोडियन कागद. एकसारखे ठिपके दिसले तर ते छायाचित्र नव्हे, छपाई आहे. पोस्टकार्डाच्या मागे पत्त्यासाठी आणि मजकुरासाठी मधोमध रेघ असेल तर ते ब्रिटनमध्ये 1902 नंतरचं, जर्मनीत 1905 नंतरचं. पण कार्डाची तारीख ही चित्राची तारीख नव्हे. जुनी काच वीस वर्षांनीही छापत.

चौकोनांच्या जाळीपुढे उभी केलेली नग्न माणसं: हे काय आहे?

1869 च्या सुमारास लँप्री यांनी सुचवलेली मापाची रीत. लाकडी चौकटीत रेशमी दोऱ्यांचे दोन-दोन इंचांचे चौकोन, आणि त्यापुढे माणूस समोरून आणि बाजूने. कैदी, हमाल, रुग्ण असे नकार न देऊ शकणारे लोक या रीतीला बहुधा सापडत. अशी चित्रं अभ्यासासाठी जपावीत, पण सजावटीला, मुखपृष्ठाला किंवा समाजमाध्यमांवर वापरू नयेत, असं आमचं ठाम मत आहे.

घरात काचेच्या निगेटिव्ह सापडल्या. पहिल्या दिवशी काय करावं?

पुसू नका. पाणी, स्पिरिट, तोंडाची वाफ, काहीच नको. रबरी हातमोजे घालून काच दोन कडांनी धरा. चकाकत नाही ती बाजू चित्राची. ती वर ठेवा. मऊ कोरड्या ब्रशने फक्त काचेची चकचकीत बाजू झाडा. प्रत्येक काच चार पाकळ्यांच्या आम्लरहित कागदात गुंडाळून लांब कडेवर उभी ठेवा. आडवी रास रचली की खालच्या काचा वजनाने तडकतात. फुटलेली काच मात्र आडवीच, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा, आणि चिकटपट्टी कधीच लावू नका.

कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा 80 टक्क्यांच्या वर जातो. अशा हवेत जिलेटिन चिकट होतं, कागद त्याला धरतो आणि बुरशी चढते. चिकटलेला कागद ओढू नका. पेटी बाहेरच्या भिंतीपासून लांब, जमिनीपासून फूटभर उंच ठेवा, सिलिका जेलच्या पिशव्या घाला आणि दर पंधरवड्याला बदला. दमटपणा 30 ते 40 टक्के राखता आला तर उत्तम. कडेला निळसर चांदीची झाक दिसली तर घाबरू नका. ती काढायचीही नाही. लवचीक फिल्म असेल आणि उग्र वास येत असेल, तर ती नायट्रेटची असू शकते. ती झपाट्याने पेट घेते. घरातून वेगळी काढा आणि जाणकाराकडे द्या.

स्कॅन आणि नोंद कशी करावी?

काचेच्या कडांसकट, खालून प्रकाश देऊन, 16 बिटच्या राखाडी छटांत, अर्ध्या काचेला किमान 1200 बिंदू प्रतिइंच. छापील चित्राची मागची बाजू वेगळी स्कॅन करा. मूळ फाइलवर कधीही दुरुस्ती करू नका.

नोंदीत मूळ मथळा जसाच्या तसा अवतरणात ठेवा, अगदी अपमानकारक असला तरी, आणि तुमचं वाचन वेगळ्या रकान्यात लिहा. वस्तूंची यादी डावीकडून उजवीकडे करा, प्रत्येकीपुढे 'दिसते', 'अंदाज', 'खात्री' यांपैकी एक शब्द. कोणी कुटुंबीयाने माणूस ओळखला तर ते नाव पहिल्या ओळीत यावं.

अशी चित्रं वेबवर टाकायला हरकत आहे का?

भारतीय कायद्यात छायाचित्राचा हक्क 2012 च्या दुरुस्तीपर्यंत प्रसिद्धीनंतर 60 वर्षं राहत असे, आता तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. तरी या काळातली बहुतेक चित्रं मुक्त आहेत. संग्रहालयाने केलेल्या स्कॅनच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचा. पण कायदा हा अर्धा भाग. 2018 पासून मसाई प्रतिनिधी ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात येऊन तिथल्या वस्तू तपासू लागले, आणि काही वस्तू घराण्यातच राहायला हव्या होत्या, त्या स्वेच्छेने दिल्या गेल्या असणं शक्य नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांत ओर्काटार हे बापाकडून मुलाकडे जाणारं हातातलं कडं होतं. म्हणून तुमच्या चित्रात असं कडं, सुंतेचा विधी किंवा मृत माणूस दिसत असेल, तर चित्र वेबवर न चढवता फक्त नोंद ठेवा आणि पाहायची मागणी आली की दाखवा.